अंगणांतली नौका

नाशिकला येणारा माणूस बहुधा पाण्यासाठींच येतो. परंतु तें पाणी रामकुंडाचें असतें, कंबरभर असतें, आणि त्यांत उतरावयास नौका लागत नाहीं. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि शेंकडों कोस चालून बंगालच्या उपसागरास मिळते. पुढच्या प्रांतांतून ती नौकांचे भार वाहत असेल. आम्हां नाशिककरांस नौका ठाऊक आहे ती गंगापूर धरणाच्या जलाशयावर रविवारीं मुलांना फिरविणारी. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवरील ह्या गांवीं एखाद्याच्या अंगणांत, आंब्याच्या झाडाखालीं, डोलकाठी उतरविलेली शिडाची नौका येऊन बसली, तर येणाऱ्याजाणाऱ्यांनीं तिच्याकडे पाहून न थांबावें तरी कसें? “धरण सोडणार आहेत वाटतं?” हा विनोद गेल्या पावसाळ्यांत आम्हांला इतक्यांदा ऐकावा लागला कीं, अखेर विनोद करणारासच त्याचा कंटाळा आला.

नौका माझ्या भाच्याची. म्हणजे मूळची त्याच्या वडिलांची. ताईचे यजमान मुंबईस नोकरीस होते. तेथें त्यांना शिडाच्या नौकेचा नाद लागला, आणि दोघां मित्रांच्या भागीदारींत त्यांनीं २२ फूट लांबीची ही जुनी नौका विकत घेतली. तिचें अंग फायबरग्लासचें. बांधणी १९८० नंतरच्या पांचसात वर्षांतली. आंत दोन माणसें कशींबशीं निजतील एवढी खोली, आणि खोलीच्या प्रत्येक अंगास दोन दोन लांबट खिडक्या. पुढें मित्र परदेशीं गेले व नौका एकट्या ताईच्या यजमानांकडे राहिली. सहा वर्षांमागें ते हृदयविकारानें गेले. समुद्राचा त्यांत कांहींएक दोष नव्हता. तरी ताईच्या मनांत तें दुःख व ती नौका हीं एकाच गांठोड्यांत बांधलीं गेलीं. ती नाशिकास आमच्या शेजारीं राहावयास आली, आणि नौका मुंबईस एका पडवींत ताडपत्रीखालीं पडून राहिली.

गेल्या वर्षीं भाच्यानें नौका पुन्हां पाण्यांत नेण्याची गोष्ट काढली. ताईनें एका वाक्यांत निकाल दिला, “विकून टाक.” तो म्हणाला, “आई, तूं एकदां आंत बसून तर पाहा.” त्यावर ताईनें जें उत्तर दिलें, त्याला तर्कशास्त्राच्या प्राध्यापकासही मान डोलवावी लागली असती. ती म्हणाली, “तुझे बाबा होते तेव्हांच खिडक्यांतून पाणी यायचं. भिजलेल्या गाद्या मीच गच्चीवर वाळत घालीत असे. जी होडी वरचं पाणी थोपवीत नाहीं, ती खालचं काय थोपवणार?”

पुष्कळ वादावादीनंतर मध्यस्थ म्हणून माझ्याकडे काम आलें, आणि तडजोड ठरली ती अशी. नौका नाशिकास आणावी, तिच्या खिडक्या बदलाव्या, आणि सगळा श्रावण ती अंगणांत उघड्यावर उभी ठेवावी. एक थेंब आंत आला नाहीं तर भाच्यानें ती खुशाल न्यावी. आला तर विकावी. ज्येष्ठाच्या आरंभीं नौका गाडीवर चढून, कसारा घाट ओलांडून, सुमारें १७० किलोमीटरांचा भूमिप्रवास करून आमच्या दारीं आली. मुंबईच्या नौका पावसाळ्यांत पाण्याबाहेर काढण्याचीच वहिवाट आहे. हिनें तो चातुर्मास तीर्थक्षेत्रीं घालविला एवढाच काय तो फरक!

वाचकांपैकीं पुष्कळांनीं अशी खिडकी जवळून पाहिली नसेल, म्हणून तिची रचना सांगतों. ती घरच्या खिडकीसारखी उघडझाप करणारी नव्हे. ती कायमची बंद असते. उजेड आंत घ्यावा आणि पाणी बाहेर ठेवावें, एवढाच तिचा धर्म. नौकेच्या भिंतीस लांबट भोंक पाडलेलें असतें. त्याहून चोहोंबाजूंनीं इंचभर मोठें असें ॲक्रिलिकचें पारदर्शक तावदान बाहेरून त्यावर बसवितात, कडेनें बोल्ट आरपार घालतात, आणि तावदान व भिंत यांच्या मध्यें चिकट मसाला भरतात. सुतार काच बसवितांना लांबी भरतो, त्याच जातीचें हें काम. फरक इतकाच कीं, घराची भिंत जागच्या जागीं उभी असते. नौकेची भिंत लाटेबरोबर पिळवटते, उन्हानें तापते आणि पुढच्या क्षणीं थंड पाण्याचा मारा सोसते.

आमच्या नौकेचीं तावदानें उन्हानें पिवळीं पडलीं होतीं. त्यांच्या अंगावर केसासारख्या भेगांचें जाळें पसरलें होतें. त्यांतून पाहिलें असतां आमचें तुळशीवृंदावन धुक्यांत उभें असल्यासारखें दिसे. आंतला मसाला वाळून दगडासारखा झाला होता, आणि जो मसाला दगड झाला तो असून नसल्यासारखाच. त्याच्यावर पूर्वींच्या कुणा कारागिरानें बाहेरच्या कडेनें नवें सिलिकोन चोपडलें होतें. मुरलेल्या भांडणावर सारवासारव करावी तसाच हा प्रकार. वरचा थर फसवा दिलासा देतो, फटींत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट मात्र बुजवितो. शिवाय सिलिकोनचा एक दुर्गुण असा कीं, त्याचा अदृश्य पापुद्रा जेथें राहील तेथें मागाहून दुसरें कांहीं धड चिकटत नाहीं. म्हणून खिडकी नवी करावयाची तर जुनें सर्व मुळापासून काढणें हाच पहिला नियम. बोल्ट गंजलेले होते. दोन दिवस तेल पाजल्यावर कांहीं वळले, कांहीं कापावे लागले. मग पातळ सुरी व पटाशी घेऊन भाचा आणि मी बसलों. एकेका खिडकीची कड स्वच्छ करावयास एकेक पुरा दिवस लागला.

तावदानें निघाल्यावर दुसरें दुखणें उघडें पडलें. अशा नौकेची भिंत एकसंध नसते. फायबरग्लासचे दोन पातळ थर असतात आणि त्यांच्या मध्यें प्लायवूड किंवा बाल्सा नांवाचें हलकें लाकूड असतें. खिडकीच्या वा बोल्टच्या भोंकांतून पाणी ह्या मधल्या लाकडांत शिरलें, कीं तें आंतल्या आंत पसरतें आणि हात-दीड हात दूर कोठेंतरी प्रकट होतें. जेथें थेंब पडतो तेथेंच भोंक असतें असें नाहीं. हें ह्या विद्येंतलें मोठें सूत्र आहे. बाजारांत नारळ वाजवून घेतात त्याप्रमाणें पेचकसाच्या मुठीनें आम्हीं भिंत वाजवीत गेलों. निरोगी जागीं टणटणीत आवाज येई, कुजलेल्या जागीं बद्द. डाव्या बाजूच्या मागच्या खिडकीखालीं वीतभर लाकडाचा चहाच्या चोथ्यासारखा भुगा झाला होता. तो वाकड्या खिळ्यानें उकरून काढला, आठ दिवस पंखा लावून पोकळी वाळविली आणि तींत घट्ट केलेलें एपॉक्सी भरलें. बोल्टचीं भोंकेंही आधीं मोठीं करून एपॉक्सीनें बुजविलीं व त्यांतच नवीं पाडलीं. अशानें पुढेंमागें मसाला चुकला तरी पाणी लाकडापर्यंत पोंचत नाहीं.

याच कामांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. कुजलेल्या जागेवरची आंतली फळी काढली, तों तिच्या पाठीमागें पेन्सिलीनें लिहिलेल्या ओळी दिसल्या. अक्षर ताईच्या यजमानांचें. तीन वर्षांतल्या तीन तारखा, आणि प्रत्येकीपुढें त्या त्या वेळीं काय केलें याची नोंद: कोणता बोल्ट काढला, कोठें मसाला भरला. शेवटच्या नोंदीपुढें ‘तरी गळते’ एवढेच दोन शब्द. भाच्यानें ती फळी कांहीं न बोलतां ताईच्या हातीं दिली. तिनें ती चष्मा लावून दोनदां वाचली आणि म्हणाली, “मला वाटायचं, त्यांना गाद्यांची फिकीरच नव्हती.” त्यानंतर रोज दुपारीं ती नौकेजवळ खुर्ची टाकून बसूं लागली. प्रथम पाहण्यासाठीं, मग पेचकस हातीं देण्यासाठीं, आणि पुढें पुढें सूचना करण्यासाठीं!

नव्या तावदानांच्या कामीं आम्हांला आमच्या शेजाऱ्यांचा मोठा आधार झाला. ओझरचा विमानांचा कारखाना १९६०च्या दशकांत मिग विमानांसाठीं उभा राहिला. हे गृहस्थ तेथून निवृत्त झालेले. लढाऊ विमानाच्या वैमानिकावरचें पारदर्शक आच्छादन ॲक्रिलिकचेंच असतें, त्यामुळें ह्या पदार्थाचे सारे लाड व सारे राग त्यांना पाठ. जुनें तावदान नमुना म्हणून ठेवून आम्हीं ८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांतून नवीं कापलीं. भोंकें पाडतांना शेजाऱ्यांनीं गिरमिटाच्या टोंकाची धार मुद्दाम बोथट केली, खालीं लांकडी ठोकळा दिला आणि यंत्र अगदीं हळू चालवावयास सांगितलें. कारण तीक्ष्ण टोंक ॲक्रिलिकला चावतें आणि तेथून तडा जातो. फायबरग्लास पुसावयास ॲसिटोन चालतें, परंतु तें ॲक्रिलिकला लावूं नये. त्यानें नवें तावदान पाहतां पाहतां बारीक भेगांनीं भरून जातें.

त्यांनीं सांगितलेली एक हकीकत ताईला फार आवडली. हें ॲक्रिलिक १९३०च्या दशकांत बाजारांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या खिडक्यांसाठीं त्याचा सर्रास उपयोग झाला. गोळीबारानें त्या फुटून कित्येक वैमानिकांच्या डोळ्यांत त्यांच्या कपच्या रुतल्या. हॅरॉल्ड रिडले नांवाच्या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानांत आलें कीं, ह्या कपच्या डोळ्यांत राहिल्या तरी डोळा त्यांच्यावर फारसा रुसत नाहीं. त्यावरून त्यांनीं त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग तयार केलें, आणि १९४९ सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत तें बसविलें. आज बहुतेक ठिकाणीं घडी घालतां येणारीं मऊ भिंगें वापरतात. तींही बहुधा ॲक्रिलिकच्याच कुळांतलीं. ताईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत. ती क्षणभर स्तब्ध झाली आणि मग हंसून म्हणाली, “म्हणजे माझ्या डोळ्यांतही हीच खिडकी आहे म्हणायची! आणि ती तर अजून गळली नाहीं.”

आतां मुख्य गोष्ट, मसाल्याची. सामान्य माणसाची समजूत अशी कीं, पाणी अडवावयाचें तर तावदान जितकें घट्ट आवळावें तितकें बरें. नौकेच्या बाबतींत हें उलट आहे. ॲक्रिलिक उन्हानें फार फुगतें. मीटरभर लांबीचें तावदान ३० अंशांनीं तापलें कीं सुमारें २ मिलिमीटर लांब होतें. त्याच्या पाठीमागची फायबरग्लासची भिंत त्याच्या निम्म्यानेंही वाढत नाहीं. दिवसा एक पुढें सरकतें, दुसरें मागें राहतें, रात्रीं उलट. अशा दोन स्वभावांचे पदार्थ बोल्टांनीं एकमेकांवर आवळून धरले, तर मधला मसाला पिळून निघून जातो, उरतो तो कागदाइतका पातळ थर. आणि पहिल्याच उन्हाळ्यांत एकतर तो थर फाटतो, नाहींतर भोंकापाशीं तावदान तडकतें. म्हणून भोंकें बोल्टांपेक्षां मुद्दाम मोठीं ठेवावयाचीं, आणि दोहोंमध्यें निदान ३ मिलिमीटर जाडीचा, रबरासारखा लवचिक थर राहील अशी व्यवस्था करावयाची. पाण्याला अडवितो तो हा मऊ थर. बोल्ट नुसते सोबतीला.

आम्हीं भोंकाच्या कडेनें ३ मिलिमीटर जाडीची स्पंजाची पट्टी चिकटविली, तिच्या बाहेरून सिलिकोनची जाड वळी घातली आणि तावदान हलक्या हातानें दाबलें. सिलिकोनचेही प्रकार आहेत. ज्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो तें धातूला गंज आणतें. म्हणून आम्हीं बिनवासाचें, तावदानें बसविण्यासाठींच केलेलें असें निवडलें. भाच्यानें पाना उचलला, तेव्हां शेजाऱ्यांनीं तो त्याच्या हातांतून काढून घेतला. “बोटांनीं फिरेल तेवढंच. पान्याचं काम नाहीं.” ताई हें सर्व पाहत होती.

कांहीं परिचितांनीं अशी शंका काढली कीं, आषाढाच्या दमट हवेंत हें वाळणार कसें? परंतु एका डब्यांत येणारें हें सिलिकोन आपल्या कणकेसारखें वाळत नसतें. हवेंतली वाफ शोषून तें बाहेरून आंत घट्ट होत जातें. दिवसाला दोनतीन मिलिमीटर. जागा कोरडी असली पाहिजे हें खरें, आणि त्यासाठीं आम्हीं वर ताडपत्री बांधली होती. मात्र हवा दमट असेल तर त्याला बरेंच. ज्या पाण्याला बाहेर ठेवावयाचें, त्याच्याच सूक्ष्म रूपानें मसाल्याला बळ यावें, ही सृष्टीची मोठी मौज आहे.

आठ दिवसांनीं ताडपत्री निघाली आणि परीक्षा घेतली. नळीचें पाणी एकदम सर्वत्र मारावयाचें नसतें. खालच्या कडेपासून आरंभ करून हळूहळू वर जावयाचें, म्हणजे गळतीची जागा नेमकी कळते. आंत कोण बसणार हा प्रश्न निघतांच ताईनें पदर खोंचला आणि शिडीवरून ती नौकेंत चढली. उभ्या आयुष्यांत बहुधा तिसऱ्यांदा. हातांत विजेरी आणि टिपकागदाच्या पट्ट्या. प्रत्येक बोल्टखालीं तिनें पट्टी लावली. अर्ध्या तासानें सर्व पट्ट्या कोरड्या निघाल्या. श्रावण लागला. पाऊस नाशिकच्या मानानें चांगलाच झाला. नारळी पौर्णिमेला ताईनें नारळीभात केला आणि, ‘समुद्र नाहीं तर नाहीं,’ असें म्हणून नौकेपुढेंच नारळ ठेवला.

पोळ्याला दोन दिवस उरले असतां, रात्रभर वाऱ्याचा पाऊस झाल्यावर, डाव्या बाजूच्या बैठकीवर पाण्याचा एक थेंब दिसला. अगदीं एक. भाच्याचें तोंड उतरलें. अट अक्षरशः मोडली होती. ताईनें कांहीं न बोलतां विजेरी घेतली आणि आंत जाऊन ती घटकाभर बसली. बाहेर आली ती म्हणाली, “खिडकी कोरडी आहे. पाणी छपरावरच्या धरायच्या दांड्याच्या बोल्टांतून येतंय आणि भिंतीवरून ओघळतंय. जिथं थेंब पडतो तिथंच भोंक असतं असं नाहीं, तुम्हीच म्हणालां होतां ना?” मीं भीतभीत अटीची आठवण केली. ती म्हणाली, “अट मीं घातली होती, ती मोडायचा अधिकारही माझाच. दांडा काढा आणि नीट बसवा.”

त्या संध्याकाळीं ती आपणहून समुद्राविषयीं बोलली. दिलीप दोंदे हे आपले पहिले एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे नौकाधिकारी. २००९-१०मध्यें ते ज्या ‘म्हादेई’ नौकेंतून गेले, ती गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली, हें भाच्यानें तिला सांगितलें होतें. परंतु तिच्या मनांत भरली होती ती ‘तारिणी’. २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा स्त्रिया तींतून जगाला वळसा घालून आल्या, आणि पुन्हां २०२४-२५मध्यें दोघीच जाऊन आल्या. “त्यांनाही आया असतीलच,” ती म्हणाली, “आणि त्यांच्या खिडक्या मीं तपासल्या नव्हत्या. हिच्या तरी तपासल्या आहेत.”

आईची माया आणि मुलाची हौस ह्या दोहोंचे स्वभाव ॲक्रिलिक आणि फायबरग्लास यांसारखेच निराळे. एक ऊन लागतांच फुगते, दुसरी जागची हलत नाहीं. एकमेकांवर आवळून त्यांचा जोड टिकत नाहीं, आणि सोडून दिल्यानेंही टिकत नाहीं. मधें कांहींतरी मऊ, जाड आणि सोशीक असावें लागतें. ताईच्या बाबतींत ती जागा चार महिन्यांच्या एकत्र श्रमानें आणि फळीमागच्या दोन शब्दांनीं भरली असें मला वाटतें. नुसत्या उपदेशानें ती भरली नसती.

दसऱ्यानंतर नौका घाट उतरून गेली आणि दिवाळीपूर्वींच मुंबईच्या बंदरांत पाण्यावर आली. ती पेन्सिलीची फळी भाच्यानें होती तेथेंच पुन्हां बसविली आहे. मात्र बसविण्यापूर्वीं ‘तरी गळते’ ह्या शब्दांखालीं ताईनें स्वतःच्या हातानें नवी तारीख घातली, आणि चार खिडक्या व एक दांडा यांची नोंद केली. असा मसाला दहा-पंधरा वर्षें टिकतो. पुढें तो पुन्हां काढून नवा भरावा लागतो. फळीवर अजून तीन-चार ओळींची जागा आहे.